राजीनाम्याआधी सेवापुस्तक

प्रश्न थोडक्यात असा. वय ४१, जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिक्षिका, २०१० साली शिक्षण सेवक म्हणून लागलेल्या. पहिली ते चौथी मिळून २७ मुलं, मुख्याध्यापकाचा प्रभार यांच्याकडेच. घर ते शाळा ३२ किलोमीटर, स्कूटीवर. सोबतच्या शिक्षकांना बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम, त्यामुळे महिन्यातले बरेच दिवस चारही वर्ग एकटीवर. मुलगी पुढच्या वर्षी दहावीला. त्या लिहितात: "रविवारी दुपारची जेवणं झाली की छातीत धडधडायला लागतं. मुलांवर ओरडते आणि घरी येऊन रडते. पूर्वी शिकवायला आवडायचं. आता मुलाने प्रश्न विचारला तरी राग येतो. नोकरी सोडून दुसरं काही करावं का? घरचे म्हणतात, सरकारी नोकरी कुणी सोडतं का. आणि सोडलीच तर या मुलांचं काय?"

ताई, मी सोळा वर्षं अनुदानित माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला आणि २००९ मध्ये राजीनामा दिला. तेव्हापासून शिक्षकांसाठी साहित्य लिहिणं, प्रशिक्षणं घेणं आणि तुमच्यासारख्या अवस्थेत आलेल्यांशी बसून बोलणं हेच काम करते. म्हणून आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. आत्ता राजीनामा देऊ नका. "सोडूच नका" असं मी म्हणत नाहीये, हे नीट वाचा. सोडण्याचा निर्णय तुम्ही घेऊ शकता, फक्त तो आजच्या तब्येतीत घेऊ नका. मी घेतला होता. त्याची किंमत पुढे सांगते.

राग येतो याची लाज सगळ्यात जास्त वाटते, म्हणून त्याचं आधी बोलू. कामाने माणूस जळून जातो त्याची जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या वर्गीकरणात नोंद आहे. तिथे त्याला रोग म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्यामुळे होणारी अवस्था, असं म्हटलं आहे. तिची तीन लक्षणं दिली आहेत: अंगातलं त्राण जाणं, कामापासून मनाने तुटणं किंवा कामाविषयी कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तुमच्या चार ओळींत तिन्ही आहेत. मुलाच्या प्रश्नाचा राग हे दुसरं लक्षण. तुम्ही वाईट शिक्षिका झालात असा त्याचा अर्थ नाही. उलट माझ्या पाहण्यात असं आहे की, ज्यांना कधी फारसं पडलेलंच नव्हतं ते जळत नाहीत. ते वीस-पंचवीस वर्षं मजेत काढतात.

पण धडधड फक्त मनाची आहे असं गृहीत धरू नका. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या, आणि धडधडीचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. हे मी उगाच सांगत नाही. चाळिशीतल्या शिक्षिका माझ्याकडे "मन लागत नाही" म्हणून येतात आणि त्यातल्या काहींचं हिमोग्लोबिन आठ-नऊ निघतं. शाळेतलं स्वच्छतागृह वापरण्यासारखं नसतं म्हणून सकाळी निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत पाणी न पिणाऱ्या बायका मी मोजायच्या सोडून दिल्या आहेत. वारंवार लघवीची जळजळ, डोकेदुखी, बसलेला आवाज, त्यावर ६४ किलोमीटर स्कूटी. या शरीरात कुठलंही मन चिडचिडं होईल. रात्री झोपच लागत नसेल, जेवण सुटलं असेल, किंवा "आपण नसलेलंच बरं" असा विचार एकदाही येऊन गेला असेल, तर मात्र माझं हे उत्तर बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. १४४१६ हा टेलीमानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

तब्येत बघून झाली की एक वही करा. वहीचं सांगितलं की लोक नाक मुरडतात. आधीच एवढ्या नोंदी, त्यात आणखी एक! पण ही कुठल्या ग्रुपवर टाकायची नाही. तीन आठवडे, शाळा सुटल्यावर स्कूटीला किल्ली लावण्याआधी पाच मिनिटं, फक्त दोन गोष्टी लिहायच्या: आज कशाने अंगातला जीव गेला आणि आज कधी वेळेचं भान राहिलं नाही. दुसरा रकाना रिकामा राहिला तर रिकामा ठेवा, ओढूनताणून भरू नका.

याचं कारण असं. "मला शिकवण्याचा कंटाळा आलाय" म्हणणाऱ्या बहुतेकांना शिकवण्याचा कंटाळा आलेला नसतो, त्यांना शिकवायला मिळतच नसतं. तुमचा दिवस मी न बघता सांगू शकते. सकाळी हजेरी मोबाइलवर, रेंज नसली तर शाळेमागच्या चढावर उभं राहून. मग तांदूळ मोजून देणं, पहिली ते पाचवीला माणशी शंभर ग्रॅम, शिल्लक साठा, आज जेवलेली मुलं, ती नोंद पुन्हा ॲपवर. मध्येच ग्रुपवर "अतितात्काळ, आज ५ पर्यंत" असा निरोप आणि खाली एक लिंक. यूडायस प्लस या सरकारी ऑनलाइन नोंदणीत एका मुलाचं नाव आधारशी जुळत नाही, आणि आधार जुळलं नाही तर संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवताना, ते मूल धरलं जाणार नाही, म्हणून त्याच्या आईला तालुक्याला पाठवा. आई मजुरीवर, तिचा एक रोज बुडतो, ती तुमच्यावर चिडते. व्यवस्थापन समितीची सभा, अनुदानाची बिलं, खाली पडलेला पत्रा. आणि या सगळ्याच्या फटीत चार इयत्तांचं मराठी, गणित, इंग्रजी.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये असं लिहिलं आहे. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढेच अपवाद. कागदावर तीनच. पण त्या तीन दारांतून किती लवाजमा आत येतो ते तुम्ही बघितलं आहे. २०२० मध्ये करोनाचं घरोघर सर्वेक्षण, जानेवारी २०२४ मध्ये मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण, मतदार याद्या तर बारमाही. आणि २०२१ ची लांबलेली जनगणना आता २०२७ ची म्हणून दारात आली आहे. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने पहिली ते आठवीच्या ज्या सेवेतल्या शिक्षकांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी शिल्लक आहे, त्यांना दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण होण्याची अट घातली. तुम्ही २०१० च्या, तेव्हा आपल्याकडे टीईटी नव्हतीच. तुम्ही पत्रात हा विषय काढलेला नाही, पण गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे आलेल्या प्रत्येक प्राथमिक शिक्षकाच्या बोलण्यात तो तिसऱ्या वाक्याला आला, म्हणून काढते. परीक्षेच्या भीतीने नोकरी सोडू नका. पहिला पेपर १५० गुणांचा, वेळ अडीच तास, उणे गुण नाहीत, खुल्या प्रवर्गाला ९० गुण लागतात. मराठी, गणित आणि परिसर अभ्यास तुम्ही रोज शिकवता. बालमानसशास्त्राची उजळणी आणि इंग्रजी व्याकरण एवढंच खरं काम आहे. ही परीक्षा अपमान म्हणून लादली गेली असं ज्यांना वाटतं त्यांचा राग मला कळतो, मलाही आला असता. पण राग वेगळा आणि अर्ज भरणं वेगळं.

तर वहीकडे परत येऊ. माण तालुक्यातले एक गुरुजी होते, वय पंचेचाळीसच्या आसपास. त्यांचं ठाम मत होतं की शाळा लांब आहे म्हणून ते थकतात. वही केली. तीन आठवड्यांत प्रवास पहिल्या रकान्यात दोनदाच आला. रोज येत होतं ते "पहिलीचा वर्ग". लहान मुलांचं रडणं, चड्डी बांधणं, तेच अक्षर चाळीस वेळा. त्यांना ते कधीच आवडलेलं नव्हतं. डीएडला गुण चांगले मिळाले आणि वडील म्हणाले म्हणून ते गुरुजी झाले होते. पुढे त्यांना गावाजवळ बदली मिळाली तरी काही फरक पडला नाही. शेवटी त्यांनी नोकरी सोडली. आज डाळिंबाची बाग आहे, शेततळं आहे, कर्जही आहे. शाळेची आठवण येते का विचारलं तर म्हणाले, "येते की. सुट्टीची."

उलट एका बाईंच्या वहीत दुसरा रकाना जवळजवळ रोज भरलेला निघाला. कविता घेतली, चिंचोके मांडून वजाबाकी केली, एका मुक्या मुलाने पहिल्यांदा हात वर केला. पहिला रकाना मात्र सगळा प्रभाराचा होता. त्यांना शिक्षकी सोडायची नव्हती, मुख्याध्यापकी सोडायची होती, आणि दोन्ही एकाच पगारात येत असल्यामुळे फरक कळत नव्हता. त्यांनी सोबतच्या गुरुजींशी बसून काम वाटून घेतलं. आहाराचा पूर्ण हिशोब गुरुजींनी घेतला, ऑनलाइन माहिती बाईंकडे राहिली, आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत फोन कपाटात. आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे केंद्रप्रमुख चिडले का? पहिले दोन आठवडे चिडले. मग त्यांनाही कळलं की या शाळेची माहिती दोननंतर येते, पण येते.

तुमची वही काय सांगेल ते मला आत्ता माहीत नाही. "पूर्वी आवडायचं" या दोन शब्दांवरून माझा अंदाज त्या बाईंच्या बाजूला झुकतो. पण अंदाज चुकतात.

आता रजा. तुम्ही सोडण्याविषयी एवढं लिहिलंत, पण रजेचा शब्द एकदाही नाही. शिक्षकांना वाटतं आपल्याला मे महिना आहे, दिवाळी आहे, वेगळी रजा कशाला मागायची. ती सुट्टी कुठे जाते ते तुम्हाला ठाऊक आहे. अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस जमा होते. तुमची पंधरा वर्षं धरली तर सुमारे ३०० दिवस, वजा जी आधी घेतली असेल ती. वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते, तेव्हा खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. म्हणजे महिन्याभराच्या पूर्ण पगारी विश्रांतीला साठ दिवस खर्ची पडतात. दुसरं, बालसंगोपन रजा. महिला कर्मचाऱ्यांना २०१८ च्या शासन निर्णयाने ती संपूर्ण सेवेत १८० दिवस मिळते, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, तुकड्यांत. तुमची मुलगी दहावीला जाते आहे. यापेक्षा योग्य कारण आणि योग्य वर्ष कुठलं? आणि शेवटचा पर्याय असाधारण रजा. पगार नाही, वेतनवाढीवर परिणाम होऊ शकतो, पण पद राहतं. बाहेरचं काम झेपतं का, आवडतं का, हे घरी बसून कळत नाही. पण पगाराशिवाय तीन महिने घर चालतं का, हे असाधारण रजेत लख्ख कळतं. मात्र रजेवर असताना दुसरीकडे पगारी नोकरी करायची नाही. तो थेट शिस्तभंग आहे.

"दोनशिक्षकी शाळेत मला रजा कोण देणार?" हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. पर्यायी शिक्षक देणं हे केंद्रप्रमुखांचं आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांचं काम आहे. ते काम तुम्ही पंधरा वर्षं स्वतःचं समजून केलंत, म्हणून तर इथे आलो आहोत.

आता माझी गोष्ट. मी १९९३ च्या जूनमध्ये लागले. २००९ पर्यंत माझी अवस्था तुमच्यासारखीच झाली होती. वर्गात ७२ मुलं, दहावीच्या निकालासाठी पहाटेचे जादा तास, संस्थेतली गटबाजी, आणि वरून शाळेच्या स्नेहसंमेलनाची वर्गणी गोळा करायची. एका मे महिन्यात, सुट्टीत, एका बैठकीत झालेल्या अपमानानंतर मी घरी येऊन राजीनामा लिहिला आणि पाठवला. तो परत आला. का? खासगी शाळांच्या १९८१ च्या नियमावलीनुसार कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि सुट्टीच्या काळात ती देता येत नाही. नियमाने मला विचार करायला दीड महिना दिला होता. मी तो विचारात घालवायला हवा होता. मी तो रागात घालवला आणि शाळा उघडून महिना उलटल्यावर पुन्हा राजीनामा दिला. तो मंजूर झाला.

माझी सेवा झाली होती सोळा वर्षं आणि काही महिने. जुन्या पेन्शनच्या नियमांत २० वर्षांची अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी, सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, पेन्शनसकट. राजीनामा दिला तर मागची सगळी सेवा जप्त. शब्दच तो आहे, जप्त. स्वेच्छानिवृत्ती आणि राजीनामा या दोन शब्दांतला फरक मला शाळेच्या लिपिकाने सांगितला, माझा राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र माझ्या हातात देताना. तो बिचारा मला चहा पाजत होता. चार वर्षंसुद्धा नाहीत, ताई. त्या चार वर्षांत मी रजा घेऊ शकले असते, तुकडी बदलून मागू शकले असते, पाचवीचे वर्ग घेऊ शकले असते. भविष्य निर्वाह निधी मिळाला, त्यातून घराचं कर्ज फिटलं, पेन्शन मात्र गेली ती गेली. सोडल्याचा पश्चात्ताप मला नाही. तो कागद न वाचल्याचा आहे, आणि तो दर महिन्याच्या एक तारखेला होतो.

तुमचं गणित माझ्याहून वेगळं आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, तुमचा १० टक्के आणि शासनाचा १४ टक्के वाटा राष्ट्रीय पेन्शन योजनेत तुमच्या प्रानवर, म्हणजे पेन्शन खात्याच्या क्रमांकावर, जमतो. तो पैसा नोकरी सोडली म्हणून बुडत नाही. पण वयाच्या साठीआधी बाहेर पडलात तर मोठा हिस्सा वार्षिकीत, म्हणजे नियमित पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत, गुंतवावा लागतो, रोख हातात थोडी येते. सुधारित पेन्शन योजनेचे जे पर्याय मधल्या काळात भरून घेतले, त्यात तुम्ही काय भरलंय तेही शोधा. सुरुवातीच्या वर्षांतली डीसीपीएसची, म्हणजे आधीच्या अंशदायी पेन्शन योजनेची, कपात प्रानवर पूर्ण चढली का हे तपासा. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच जिल्हा परिषद शिक्षकांचा हा हिशोब जुळत नव्हता, आणि नोकरीत असताना तो जुळवून घेणं सोपं. नोकरी सुटल्यावर पंचायत समितीत तुम्हाला कुणी खुर्चीही देत नाही. आणि मूळ सेवापुस्तक, म्हणजे तुमच्या नोकरीच्या सगळ्या नोंदींचं पुस्तक, बघा. स्थायित्वाची नोंद, रजेचा हिशोब, वरिष्ठ वेतनश्रेणी लागली असेल तर तिची पडताळणी. स्वतःचं सेवापुस्तक कधीच न पाहिलेले शिक्षक मला दर महिन्याला भेटतात.

आणखी एक गोष्ट जी कुणी बोलत नाही: पतसंस्था. तुमच्या पगारातून शिक्षक पतसंस्थेचा किंवा शिक्षक बँकेचा हप्ता जात असेल. तुमच्या कर्जाला जामीन कोण आहेत? तुमच्याच केंद्रातले दोन शिक्षक. आणि तुम्ही कुणाला जामीन आहात? पगार थांबला की हप्ता त्यांच्या पगारातून कापला जाऊ शकतो. मैत्री तुटण्याचं याहून खात्रीचं कारण मी पाहिलेलं नाही. राजीनाम्याचा विचार करण्याआधी ही दोन्ही बाजूंची यादी करा.

हे उत्तर खासगी विनाअनुदानित शाळेतली कुणी वाचत असेल तर तिच्यासाठी एवढंच: पाच वर्षं सलग सेवा झाली असेल तर उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, तुमचा हक्क आहे. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षक १९७२ च्या उपदान कायद्यात आले, तेही ३ एप्रिल १९९७ पासून, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते कायम ठेवलं. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. शाळा "आमच्याकडे पद्धत नाही" म्हणेल. कायद्याला शाळेची पद्धत लागत नाही. राजीनाम्याच्या दोन प्रती करा, दोन्हींवर सही आणि तारीख घाला, एक रजिस्टर पोस्टाने पाठवा, एक जवळ ठेवा.

परत तुमच्याकडे. समजा वही भरली, रजा झाली, आणि तरी आतून "नको" असंच आलं. मग जायचं कुठे?

व्यवस्थेच्या आत राहून जागा बदलता येते, ते आधी तपासावं. बदलीत पती-पत्नी एकत्रीकरणाचा किंवा आजारपणाचा संवर्ग तुम्हाला लागू होतो का बघा. ६४ किलोमीटर कमी झाले की माणूस बराच परत येतो. केंद्रप्रमुखपदाची परीक्षा अनेकांना सुटका वाटते. मला वाटत नाही. ज्या माहितीला तुम्ही कंटाळलात तीच दहा शाळांकडून मागायचं ते काम आहे. काही जणांना ते मानवतं, तुमच्या पत्रातला सूर त्यातला नाही. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत किंवा राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या कामांत साधनव्यक्ती म्हणून जाणं, बालभारतीच्या अभ्यासगटात काम करणं, यातून कळतं की वर्गाबाहेरचं शैक्षणिक काम आपल्याला जमतं का. पूर्णवेळ सुटका नसते, पण चव कळते. आणि दुसऱ्या सरकारी पदासाठी स्पर्धा परीक्षा देणार असाल तर अर्ज रीतसर परवानगी घेऊनच करा. तशा परवानगीने दुसऱ्या शासकीय सेवेत गेलं तर मागची सेवा तुटत नाही, लपूनछपून गेलं तर तुटते.

बाहेर आपल्याकडे सगळ्यात जास्त काम आहे ते शिक्षणातल्या संस्थांमध्ये. 'प्रथम' ही संस्था, पालघरमधल्या सोनाळ्याची 'क्वेस्ट', आणि जिल्ह्याजिल्ह्यांत लहान-मोठ्या कितीतरी. बहुवर्ग शाळा प्रत्यक्ष चालवलेली बाई त्यांना हवी असते, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या तरुण मुलामुलींनी ती चालवलेली नसते. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. पगार बहुतेक वेळा तुमच्या आजच्या पगाराहून कमी असतो, आणि नेमणूक प्रकल्पापुरती, दर वर्षी देणगीदाराच्या मर्जीवर. आणि तिथेही तक्ते आहेत, अहवाल आहेत, "तात्काळ" आहे. माझ्या पहिल्या प्रकल्पाच्या तिसऱ्या महिन्यात मी रात्री अकराला एक्सेल भरत बसले होते आणि एकटीच हसत सुटले.

प्रकाशकांकडे सरावपुस्तिका लिहिणं आणि तपासणं पानाच्या दराने मिळतं. मी तिथूनच सुरुवात केली. पैसा थोडा आणि उशिरा येतो, पण घरबसल्या लेखणी चालू राहते. नोकरीत असताना असं मोबदल्याचं काम करायचं तर परवानगी लागते, आणि खासगी शिकवणी तर कलम २८ ने बंदच आहे, हे विसरू नका. ऑनलाइन शिकवणीच्या कंपन्यांकडे करोनाच्या काळात बरेच शिक्षक वळले. त्यातल्या सगळ्यात मोठ्या बायजूजवर जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. सगळ्या तशाच नाहीत, पण कायम नोकरीच्या बदल्यात घ्यावा असा हा धोका नाही. समुपदेशन, विशेष शिक्षण, भाषांतर यांत जायचं तर आधी अभ्यासक्रम करा. "पंधरा वर्षं मुलांत काढली, म्हणजे मला समुपदेशन येतंच" हे मलाही वाटलं होतं. येत नव्हतं. पदविका करताना पहिल्या सहा महिन्यांत कळलं की मी ऐकत नाही, मी शिकवते.

घरच्यांविषयी थोडं. "सरकारी नोकरी कुणी सोडतं का" यातला तिरकसपणा बाजूला काढला तर खाली एक खरी भीती असते: हप्ता कोण भरणार. तिला आकड्यांनी उत्तर द्या. घराचा महिन्याचा खर्च, हप्ते, मुलीच्या अकरावी-बारावीचा खर्च, आणि यांना पुरतील असे निदान वर्षभराचे पैसे वेगळे आहेत का, एवढं एका कागदावर मांडून नवऱ्यापुढे ठेवा. नुसतं "मला होत नाही" म्हटलं की घरातले समजूत घालतात. कागद ठेवला की बोलायला लागतात. आणि डीएड होऊन वर्षानुवर्षं भरतीची वाट बघणारी पोरं बाहेर आहेत, म्हणून आपल्याला तक्रारीचा हक्क नाही, हे मनातून काढा. तुम्ही आजारी पडून त्यातल्या एकाचीही नेमणूक होत नाही.

राहिलं "या मुलांचं काय". हा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात, पण पत्रात तोच सगळ्यात जड आहे. मी सोडलं तेव्हा नववीच्या एका मुलीने मला विचारलं होतं, "बाई, आमच्यामुळे का?" मी तिला काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. आज विचारलं असतं तर "नाही" एवढंच म्हटलं असतं. ती २७ मुलं तुमची आहेत, पण तुमची एकटीची नाहीत. त्यांना शिक्षक देण्याची जबाबदारी कायद्याने शासनाची आहे. आणि रोज ओरडून मग अपराधी वाटणाऱ्या बाईपेक्षा, दोन महिने रजेवर जाऊन परत आलेली बाई त्यांना जास्त उपयोगी पडेल. किंवा परत न आलेली, आणि तिच्या जागी आलेली दुसरी. लहान मुलं आपल्याला वाटतं त्याहून लवकर नव्या बाईंच्या पदराला धरतात. याचं थोडं वाईटही वाटतं, ते वाटू द्या.

सोमवारी पंचायत समितीत जायला जमणार नसेल तर फोन करा, आणि सेवापुस्तकातल्या रजेच्या पानाची प्रत मागा. किती अर्धवेतनी शिल्लक आहे आणि बालसंगोपन रजा किती वापरली ते मला कळवा. रक्ताच्या तपासण्यांचंही कळवा. वही आजपासूनच, पहिल्या पानावर मला दाखवायचं म्हणून काही छान लिहू नका.